थांबवण्याचं कारण

सोमवार, ४

बायकोचं म्हणणं असं की, ड्यूटीवरून आल्यावर तुम्ही माझं डोकं खाता, त्यापेक्षा वहीत लिहीत जा. म्हणून लिहितोय. वही नातीची आहे, वर ससा आहे. फौजदाराला शोभत नाही, पण घरात दुसरी कोरी वही नव्हती.

आज मोठ्या साहेबांनी मुख्यालयात बोलावलं. आधी खुर्चीवर बसवलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. वरून एक पुस्तिका आली आहे, पोलिसांच्या मनातले पूर्वग्रह कसे टाळावेत यावर. प्रत्येक ठाण्यात एका अधिकाऱ्याने वर्ग घ्यायचा. साहेब म्हणाले, "तुम्ही अनुभवी आहात, शांत आहात." म्हणजे बाकीच्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. माझी निवृत्ती तोंडावर आली आहे आणि मुदतवाढ द्यायची की नाही हे याच साहेबांच्या हातात, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर आमच्या ठाण्यात हा प्रकारच नाही. माझा स्वतःचा जावई कालव्यापलीकडचा आहे. मुलीने लग्न ठरवलं तेव्हा मी ब्र काढला नाही. काही दिवस जेवण गोड लागलं नाही, तेवढंच. आणि माणूस चांगला निघाला. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतो, व्यसन नाही, बोलणं हळू. पलीकडचा वाटतच नाही. म्हणजे रंगावरून, केसांवरून वाटतो, पण वागण्यावरून अजिबात नाही.

गुडघा ठणकतोय. पुस्तिका उद्या वाचेन.

गुरुवार, ७

पहिला वर्ग झाला. हजेरीच्या खोलीत पंखा एकच, तोही माझ्या डोक्यावर नाही. अर्धे जण रात्रपाळी करून आलेले, त्यांचे डोळे मिटत होते. मला त्यांचा राग आला नाही. माझेही मिटत होते.

मिशीवाल्या हवालदाराने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "साहेब, आपल्याला सगळे सारखे. आपण सगळ्यांवर सारखाच संशय घेतो." खोलीभर हशा. मीही हसलो. हसलो नसतो तर पुढचा तास गेला नसता.

पुस्तिकेतली एक गोष्ट मला पटली. घरफोड्या वाढल्यापासून कालव्याच्या पुलावर आमची नाकाबंदी आहे. तिथे कुणाला थांबवायचं तर आधी वॉकीटॉकीवर कारण बोलायचं, आणि कारण म्हणजे माणूस काय करतोय ते. तो कसा दिसतोय, कुठला आहे, ते नाही. मग चार पायऱ्या: नमस्कार, स्वतःचं नाव, थांबवण्याचं कारण, आणि शेवटी आभार.

हवालदाराने विचारलं, "संशयास्पद दिसला, असं चालेल?"

"नाही. 'दिसला' चालणार नाही."

"मग संशयास्पद वागला?"

"कसा वागला ते सांगायचं."

"म्हणजे एक चोर पकडायला निबंध लिहायचा."

लंबू मात्र सगळं उतरवून घेत होता. हा आमचा शिपाई, दारातून वाकून येणारा, स्वभावाने गरीब, कुणाला अरे-तुरे न करणारा. अशी माणसं असली की शिकवायला हुरूप येतो.

रविवार, १०

मुलगी, जावई, नात जेवायला यायचे होते. मुलगी आणि नात आधी आल्या. जावई दवाखान्यातून आधी कालव्यापलीकडे घरी जाऊन, कपडे बदलून येणार होता. ताटं वाढून ठेवली तरी पत्ता नाही. भात गार झाला तेव्हा आला.

"काही नाही बाबा, पुलावर जरा वेळ लागला."

मुलगी ताडकन म्हणाली, "जरा वेळ नाही. रोजचं आहे. आणि आधी मी होते बरोबर तेव्हा मला जा म्हणाले, यांना थांबा म्हणाले. मी हिला घेऊन पलीकडे उभी राहायचे. आता उभी पण राहत नाही."

मी जावयाला नीट समजावलं. ओळखपत्र गळ्यात घालत जा, रोज दाढी करत जा, ते टोपीचं काळं जाकीट नको, आणि बॅग जरा बरी घ्या, ही बघून कुणालाही वाटेल. तो म्हणाला, "ओळखपत्र गळ्यातच असतं, बाबा." आणि नातीच्या ताटातला घास बारीक करत बसला. वाद घालत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मुलगी मात्र माझ्यावर गेली आहे. "बाबा, तुमच्याच ठाण्याची माणसं आहेत. तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? हा माझा जावई आहे, याला सोडा? तो वशिला झाला."

"मला वशिला नकोय. बाकीचे पलीकडचे काय करतील? थांबवायचं बंद करा म्हणतेय मी."

मग तिने खरं काय ते सांगितलं. जावयाला लांबच्या एका शहरातल्या दवाखान्यातून बोलावणं आलं आहे. पगार सारखाच. इथून जायला अख्खा दिवस लागतो. महिनाअखेरीस हो-नाही कळवायचंय. बायको एकदम उठून आत गेली. नात माझ्या मांडीवर बसून माझ्या बोटांची नखं मोजत होती. ती गेली तर हे घर खायला उठेल, दुसरं काय.

मी म्हणालो, "महिनाअखेरपर्यंत दम धर. मी वर्ग घेतोय ना. पुलावर फरक पडतो की नाही बघ."

मुलगी जावयाकडे बघून म्हणाली, "फरक पडला तर राहू. शब्द देते."

म्हणजे आता हा वर्ग नुसता साहेबांसाठी उरला नाही.

बुधवार, १३

पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. शेवटी एक सराव आहे. एका माणसाने चिठ्ठीत दिल्याप्रमाणे रस्त्याने जायचं आणि पोलिसाने ठरवायचं, थांबवायचं की नाही. पुस्तिका म्हणते, हा माणूस नेहमी थांबवल्या जाणाऱ्यांपैकी असावा. आता तो आणायचा कुठून? पलीकडच्या दोघा-तिघा ओळखीच्यांना विचारलं. एकाला लग्नाला जायचं होतं, एकाची पाठ धरली होती, तिसरा नुसता हसला.

संध्याकाळी जावयाला फोन केला. त्याने आधी विचारलं, किती जण थांबवणार. मग म्हणाला, "त्याने खरंच काही होणार असेल तर येतो." मी म्हणालो, होणार म्हणजे काय, होणारच.

शनिवार, १६

फार दिवसांनी मन भरून आलं. ठाण्यामागच्या अंगणात, जप्त केलेल्या गाड्यांच्या मधून एक रस्ता आखला. जावई आपली बॅग घेऊन आला. चिठ्ठी अशी होती: बॅग घेऊन चालावे, मध्येच थांबावे, मागे वळून पाहावे, बॅग दुसऱ्या हातात घ्यावी, पुढे जावे. बस, एवढंच. प्रत्येकासाठी त्याने ते न कंटाळता केलं.

आणि काय सांगू, एकेकाने काय सुरेख थांबवलं! मिशीवाला हवालदार, जो आयुष्यात कुणाला 'अहो' म्हणाला नसेल, तो म्हणाला, "नमस्कार, मी अमुक. आपण मागे वळून पाहिलंत म्हणून थांबवतोय." लंबू तर सगळ्यांच्या वर. वॉकीटॉकीवर स्वच्छ आवाजात तीन कारणं: चालता चालता थांबले, मागे वळून पाहिले, बॅगेचा हात बदलला. रंग नाही, वस्ती नाही, एक शब्द वावगा नाही. मला वाटलं, चला, आयुष्यात एक तरी गोष्ट धड शिकवली.

एक बारीकशी अडचण आली. पुस्तिकेत मागे उत्तरं दिली आहेत. या सरावाचं उत्तर 'जाऊ द्यावे, संशयास कारण नाही' असं आहे. आमच्या एकानेही जाऊ दिलं नाही. पण पोरांनी इतकी मेहनत घेतलेली, त्यात मार्क कापायचे म्हणजे हिरमोड. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. शेवटी बोलण्याची रीत महत्त्वाची.

जावयाला चहा दिला. त्याने घेतला नाही, उशीर होतोय म्हणाला. उन्हात दमला असेल.

सोमवार, १८

सकाळी लंबू हसतमुखाने आला. "साहेब, काल संध्याकाळी पुलावर तुमचे जावई भेटले. चारही पायऱ्या केल्या. एक चुकली नाही."

"अरे, ओळखलं नाहीस का त्यांना?"

"ओळखलं की! म्हणून तर नावाने नमस्कार केला."

"मग थांबवलंस कशाला?"

"कारण होतं ना साहेब. भरभर चालत होते."

आता यात त्याला बोलायला जागा नाही. नियम म्हणजे नियम, ओळखीला सवलत नाही, हे मीच शिकवलं. तरी दिवसभर काहीतरी दातात अडकल्यासारखं वाटत राहिलं. वय झालं की असं होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, काल यांना फार अदबीने थांबवलं हो."

मी म्हणालो, "बघ! म्हणालो होतो ना, फरक पडेल!"

तिने फोन ठेवून दिला. दूध उतू जात असेल.

बुधवार, २०

शुक्रवारी मोठे साहेब स्वतः प्रात्यक्षिक बघायला येणार आहेत. आवडलं तर सगळ्या ठाण्यांत हेच चालू करणार, आणि ते शिकवायला मला दोन वर्षं ठेवून घेणार, असं त्यांच्या कारकुनाने कानात सांगितलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आणि गुडघा?" या बाईला आनंद कशाचाच नाही.

जावयाला परत बोलावलं. तो म्हणाला, त्या दिवशी ड्यूटी आहे. मागून मुलीने फोन घेतला. "ड्यूटी नाही बाबा, सुट्टी आहे. त्यांना यायचं नाहीये. तुम्ही साहेबांना एवढंच सांगा की पुलावर अजून तेच चाललंय. फक्त आता नमस्कार करून चाललंय."

"बघतो," म्हणालो. साहेबांच्या तोंडावर, तेही मुदतवाढीच्या वेळी, असं कुणी सांगतं का? तिला नोकरी कळत नाही. ती चिडते तेव्हा आवाज थेट माझ्या आईसारखा होतो.

शुक्रवार, २२

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच ते बदलून टाकीन.

साहेब वेळेवर आले. अंगणात खुर्च्या मांडल्या. पण चालायला माणूस नव्हता. हवालदार म्हणाला, कोठडीत एक आहे, आणू का. मी त्याला गप्प केलं आणि म्हणालो, मीच चालतो. वर्दी उतरवली, साधा शर्ट घातला, कारकुनाची जुनी बॅग घेतली. चिठ्ठी तीच. समोर लंबू, कारण तो माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी.

मी चाललो. मध्येच थांबलो. मागे वळून पाहिलं. बॅग दुसऱ्या हातात घेतली. पुढे गेलो. लंबू वॉकीटॉकी हातात धरून उभा होता तसाच उभा राहिला. मला वाटलं, साहेबांसमोर घाबरला. म्हणून मी परत मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. तो कसनुसा हसला आणि मला जाऊ दिलं.

साहेबांनी पुस्तिका उघडून मागचं उत्तर पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. "जाऊ द्यावे! बरोबर! याला म्हणतात विवेक." त्यांनी लंबूला विचारलं, "का नाही थांबवलंस?"

"कारणच दिसलं नाही साहेब."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या मुदतवाढीचं मी बघतो." मी 'आभारी आहे' म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. शौर्य वगैरे काही नव्हतं. सोमवारपासून अडकलं होतं तेच निघालं.

मी लंबूला विचारलं, "गेल्या शनिवारी माझ्या जावयाला का थांबवलं होतंस?"

"ते मागे वळून बघत होते ना साहेब."

"आणि मी?"

लंबूने प्रामाणिकपणे विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुम्ही सहज बघत होता."

मी म्हणालो, "साहेब, चिठ्ठी एकच होती. त्या दिवशी सगळ्यांनी त्याला थांबवलं आणि मी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. पुलावर पण तेच चाललंय. हा वर्ग काही कामाचा नाही. आम्ही फक्त कारणं द्यायला शिकलो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "असे बारकावे आपण नंतर बघू." गाडीत बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही थकलात. आता विश्रांती घ्या."

म्हणजे मुदतवाढ गेली. खरंच थकलो आहे, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. लंबूचं मात्र तोंड एवढंसं झालं होतं. तो परत परत विचारत होता, "साहेब, माझं चुकलं कुठे? मी उत्तर बरोबर दिलं ना?"

शनिवार, २३

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, मुदतवाढ गेली म्हणून बोलेल. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हीसुद्धा 'दाढी करा, जाकीट बदला, बॅग बदला' हे सगळं त्यालाच सांगितलंत. पुलावरच्यांना एका शब्दाने काही बदला म्हणालात का?"

मी जावयाच्या भल्यासाठी सांगत होतो. तसं तिला म्हणालोही. ती म्हणाली, लंबूही भलाच आहे.

मग मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं बाबा, विचारलंत ते."

"मग राहाल ना? मी अजून वर जाऊन बोलेन. निवृत्त झालो तरी बोलेन."

ती म्हणाली, "बाबा, यांनी सोमवारीच हो कळवलं. तुम्ही फोनवर 'बघ, फरक पडला' म्हणालात ना, त्यानंतर."

तिकडून नात तिच्या आईला विचारत होती, आजोबा आहेत का, मला द्या. मी आवाज नीट येत नाही असं खोटंच सांगितलं.

रविवार, ३१

मधल्या आठवड्यात लिहावंसं वाटलं नाही. पुलावरची नाकाबंदी आहे तशीच आहे. वर्ग बंद झाला. पुस्तिका कपाटात गेली.

उद्या सकाळी ते निघणार. आज शेवटचं जेवायला आले. जेवण झाल्यावर मुलगी आईजवळ थांबली, दोघींना रडायचं होतं. जावई आणि नात घरी सामान बांधायला निघाले. बायकोने दिलेल्या डब्यांची पिशवी पोचवायला मीही निघालो, साध्या कपड्यांत. फाटकाशी जावयाला म्हणालो, "तुम्ही दोघं पुढे व्हा. मी थोडा मागून येतो. मला एकदा बघायचंय."

मी मागून चाललो. मला माहीत होता तो घरातला, जेवताना दिसणारा माणूस. त्याला रस्त्यावर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. पूल दिसायला लागल्याबरोबर त्याची चाल बदलली. खिशातला हात बाहेर आला. डोक्यावरची टोपी मागे गेली. बॅग पाठीवरून काढून त्याने पुढे, दिसेल अशी धरली. ना भरभर, ना हळू, काचेची वस्तू घेऊन चालावं तसा तो चालत होता. ही सगळी कारणं मीच शिकवलेली, आणि तो एकेक टाळत होता.

त्याच्या पुढून इकडचे लोक जात होते, कुणी फोनवर बोलत, कुणी मागे वळून बायकोला हाक मारत. त्यांना कुणी थांबवलं नाही. लंबूने जावयाला थांबवलं. "नमस्कार. आपण फारच सावकाश चालत होता म्हणून थांबवतोय." अगदी मऊ आवाजात. जावयाने बॅग कठड्यावर ठेवली आणि चेन उघडली.

शेजारी माझी नात खाली बसली. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं. तिने पाठीवरची आपली छोटी बॅग काढली, उघडली आणि आतलं एकेक फुटपाथवर मांडायला लागली. रंगीत खडू. पाण्याची बाटली. एका हाताची बाहुली. सगळं नीट ओळीत. लंबू ओशाळून म्हणाला, "तुझं नको गं बाळा." ती म्हणाली, "असू दे काका, बघा." चिडून नाही, घाबरून नाही. घरात शिरताना चपला काढाव्यात तितक्या सवयीने.

मी तिथे गेलो आणि माझी पिशवी बाहुलीशेजारी ठेवली, उघडली. डबे बाहेर काढले. लंबूने खाडकन सलाम ठोकला. "साहेब, तुम्ही कशाला? तुमची नको!"

"बघ," मी म्हणालो. "यांची बघितलीस, माझी पण बघ."

"नाही साहेब, तुमची कशाला," असं तो म्हणत राहिला. त्याने माझ्या पिशवीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही भरून ठेवा आता. झालं." आणि तिने खडू गोळा करायला मला मदतीला घेतलं. गुडघे टेकून मी तिच्याबरोबर खडू भरले. तीन आठवडे मी राहा राहा म्हणून यांच्या मागे लागलो होतो. पूल उतरल्यावर मी जावयाचा हात धरला आणि एवढंच म्हणालो, "उद्याची गाडी चुकवू नका."